अंजिराचा ताण आणि तेलाची फवारणी

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू आणि ऊस यांचे राज्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असल्यामुळे अंजिराची सलग बाग या बाजूला विरळाच. तथापि अथणीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात ज्यांची द्राक्षे उभी आहेत आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या अंजिराकडे ज्यांची नजर वळते, अशा बागायतदारांनी, किंबहुना परसातले एकच झाड जपणाऱ्या गृहस्थानेही, पानगळीच्या काळात खनिज तेल फवारण्याच्या उपायाचा गांभीर्याने विचार करावा, असे माझे मत आहे. मात्र तो उपाय थंड प्रदेशाच्या वेळापत्रकासह जसाच्या तसा उचलू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

हे तेल कीटकाच्या मज्जासंस्थेवर विषासारखा आघात करीत नाही. पाण्यात एकजीव होईल अशा रीतीने सिद्ध केलेले त्याचे सूक्ष्म पटल सालीला चिकटून बसलेल्या खवले किडीवर आणि पिठ्या ढेकणावर पसरते, त्यांची श्वसनरंध्रे बुजविते, कोळ्याच्या अंड्यांचीही हवा तोडते आणि मग स्वतः हळूहळू विरून जाते. अशा मरणाला सरावून औषधाला न जुमानणारी प्रजा किडीत सहसा निपजत नाही. झाड निष्पर्ण असले म्हणजे फवारा सालीच्या प्रत्येक सुरकुतीत पोहोचतो, हा आणखी एक लाभ. पण माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार कारण निराळेच आहे: अंजीर आपण सालीसकट खातो. फळ धरल्यावर घाबऱ्या घाबऱ्या मारलेल्या जहाल औषधाला खाणाराच्या मुखापर्यंत कोणताही अडसर उरत नाही. सबब शत्रूची संख्या फांद्या उघड्या असतानाच घटविणे इष्ट.

आता अडचण पाहा. काश्मीर आणि हिमाचलातील सफरचंदाच्या बागांत शंभर लिटर पाण्यात सुमारे दोन लिटर तेल घालून हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्याच्या सुमारास, फवारणी करण्याचा प्रघात आहे. तेथे झाडाला झोपविण्याचे काम थंडी करते. आपल्याकडे ते काम शेतकरी करतो. मीठा बहार धरावयाचा तर पावसाळा सरता सरता पाणी तोडून तो झाडाला ताण देतो, पाने झडू देतो आणि मग छाटणी करतो. म्हणजे ज्या घटकेला झाड उघडे असते, त्याच घटकेला ते तहानेने व्याकुळही असते. आणि तहानलेल्या झाडावर तेल मारू नये, असा तर या शास्त्राचा पहिलाच दंडक आहे, कारण अशा झाडाची साल व कोवळे डोळे करपतात. माझ्या समजुतीप्रमाणे योग्य मुदत छाटणीनंतर आंबवणीचे पाणी देऊन झाल्यावर आणि डोळे फुटण्यापूर्वी मिळते. ती फार थोड्या दिवसांची असते, आणि त्यातही ऊन उतरलेली, आभाळ निरभ्र असलेली वेळ साधावी लागते. शिवाय गंधकाची फवारणी झाली असेल तर तेलासाठी तीन-चार आठवडे थांबणे प्राप्त आहे.

तेल या नावाखाली काहीही खपविण्याची वृत्ती मात्र मोडली पाहिजे. वाळवीसाठी तुळईला फासतात ते जळके ऑईल झाडाला फासणे म्हणजे रोग्याला गटाराचे पाणी पाजणे होय. करंजाचे तेल आपल्या बांधावरचे, स्वस्त आणि उपयुक्त. परंतु त्याचा गुण खनिज तेलाहून वेगळा असल्याने एकाचे प्रमाण दुसऱ्यास लावता येत नाही. निपाणीच्या माणसाला तंबाखूचा काढा सुचणे स्वाभाविकच आहे. पण तो घरचा म्हणून निर्धोक ठरत नाही, त्यातील निकोटिन फवारणाऱ्याच्या कातडीतूनही अंगात भिनते. आणि खोडकिडा? तो खोडाच्या पोटात शिरून बसतो, तेथवर तेल पोहोचतच नाही. त्यासाठी भोकात तार घालून अळी काढणे आणि रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने लिंपणे, ही जुनी तजवीजच करावी लागते.

खानापूरचा धुवाधार पाऊस, निपाणीचा मध्यम आणि अथणीचा तुटपुंजा, असे तीन ऋतू एकाच जिल्ह्यात नांदत असता सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुरंदरचे वेळापत्रक येथे सरसकट चालावे, ही अपेक्षा भाबडी आहे. २००८ साली स्थापन झालेल्या बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचे महाविद्यालय गोकाकजवळ अरभावीला आहे; त्याने या तिन्ही पट्ट्यांत थोड्या झाडांवर दोन-तीन हंगाम तेलाचे प्रयोग करून तारखा आणि प्रमाणे ठरवावीत. ती ठरली म्हणजे रयत संपर्क केंद्रांनी कानडीबरोबर मराठीतही पत्रके काढावीत. १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या दफ्तरात असलेल्या या मुलखात औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचण्यासाठी आजही अनेक शेतकऱ्यांना दुकानदाराचे तोंड पाहावे लागते, आणि दुकानदार सांगतो ते बहुधा त्याच्या फळीवर जे शिल्लक असेल तेच.