जुने ते सोने, पण रबर सोडून

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम काढली, त्या गृहस्थापाशी जुनी मोटार खास नसावी. असती, तर त्याने म्हणीला शेपूट जोडून ‘जुने ते सोने, पण रबर सोडून’ असे म्हटले असते. दिवाळी अंकात या सदराला एरवीपेक्षा थोडी अधिक जागा मिळते. तेव्हा संपादकांच्या परवानगीने आज या शेपटाचाच विचार करू.

आमच्या चारकोपात जुन्या गाड्या बऱ्याच दिसतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली जी योजना मंजूर झाली तीत येथे लहान लहान भूखंड पडले, माणसांनी पै पै जोडून घरे बांधली, आणि पुढे ज्यांना जमले त्यांनी मोटारी घेतल्या. घर बांधताना मोटारीचा विचार फारसा कोणी केला नसावा. कारण त्या गल्लीतच, उघड्यावर, उभ्या असतात. चार महिने पाऊस आणि आठ महिने खाडीचा खारा वारा! अशा हवेत पंचवीस-तीस वर्षे काढलेली एखादी प्रीमियर पद्मिनी पाहिली की तिला नमस्कार करावासा वाटतो. पण नमस्काराने गाडी चालत नाही. तिला भाग लागतात.

आणि येथेच खरी अडचण आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० व तिचीच पुढली पिढी जी पद्मिनी, त्या हजारोंनी बाहेर पडल्या. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे उत्पादन थांबले. तरीही भागांची चणचण फारशी जाणवली नाही, कारण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी याच जातीच्या. हजारो टॅक्सीवाले गिऱ्हाईक असल्यावर लहानसहान कारखानेही भाग पाडीत राहणारच. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, वीस वर्षांची मर्यादा भरून, २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक उरले ते हौशी, हट्टी किंवा दुसरी गाडी न परवडणारे. अशा मूठभरांसाठी भाग कोण पाडणार?

तेव्हा ऑपेरा हाउसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात गेलात, की पहिला प्रश्न कानी येतो, “साहेब, ओरिजनल देऊ की लोकल?” मी मराठी शिकवितो, त्यामुळे शब्द कानाला जरा जास्त टोचतात. ज्या गाडीचा कारखानाच उरला नाही, तिचा ‘ओरिजनल’ भाग म्हणजे काय? थोडी चौकशी केली तर या एका शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या वस्तू निघतात. पहिली, कारखाना चालू असताना तयार होऊन खोक्यात पडून राहिलेली. दुसरी, कारखान्याला जे भाग पुरवीत त्याच नामांकित उत्पादकाने नंतर स्वतःच्या नावाने काढलेली. आणि तिसरी, या दोहोंपैकी एकीचे खोके हुबेहूब छापून आत काहीही भरलेली. तिन्हींना दुकानदार एकच विशेषण लावतो. आमच्या परीक्षेत कोणी असे लिहिले तर गुण कापले जातील. बाजारात मात्र आपलेच पैसे कापले जातात.

सर्वसाधारण समजूत अशी की पहिली वस्तू मिळाली तर देव पावला. पिवळे पडलेले खोके, त्यावर कारखान्याची जुनी मुद्रा, आत ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला भाग. हे पाहून भल्याभल्यांचे मन विरघळते. पण हे सोने सगळेच सोने नसते. दंडगोल, दट्ट्या, दातेरी चाके, दाराच्या मुठी, कार्बोरेटरचे ओतीव अंग हे धातूचे भाग गंजू दिले नसतील, तर पंचवीस वर्षांनीही तसेच राहतात; किंबहुना आजच्या घाईघाईच्या ओतकामापेक्षा सरसच ठरतात. रबराचे तसे नाही. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवा, उष्णता आणि काळ त्याला आतून कडक करीत राहतात. वरून काळेभोर, तुकतुकीत दिसेल. पण दोन बोटांत वाकवून पाहा, बारीक भेगा दिसतील.

आमच्या सेक्टरातील एका निवृत्त गृहस्थांना हे फार जवळून कळले. पुढच्या चाकांचे ब्रेक दुरुस्त करावयाचे होते. चाकाच्या सिलिंडरात रबराच्या टोप्या असतात. त्या त्यांनी मोठ्या आनंदाने जुन्या, अस्सल खोक्यातल्या मिळविल्या. मिस्त्री म्हणाला, “काका, रबर नवं घ्या.” काका म्हणाले, “अरे, हे कारखान्याचे आहे.” तीन आठवड्यांनी मालाडच्या सिग्नलपाशी पाय दाबला तो थेट तळाला टेकला. हँडब्रेक ओढून गाडी थांबली, पुढच्या रिक्षेला नुसता धक्का लागला, म्हणून ही गोष्ट दिवाळी अंकात सांगता येते. मागच्या आसनावर त्यांची नात होती.

हे का झाले ते समजून घेण्याजोगे आहे. या घडणीच्या जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांच्या ब्रेकना एकाच नळीच्या मार्गाने तेल पोहोचते. एका टोपीतून तेल झिरपले की दाब सगळीकडचा जातो. दहा-वीस रुपयांच्या रबरावर चार जणांचा जीव टांगलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता यात नवी भर पडली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते वीस टक्क्यांवर आले. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. पेट्रोलची नळी, पेट्रोलपंपाचा पडदा, कार्बोरेटरातील वॉशर हे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. मग तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टपकते. त्याचा परिणाम काय होईल, हे सांगण्यास इंजिनियर नको. येथेही जुन्या खोक्याचा मोह सोडून, इथेनॉलला टिकेल असे स्पष्ट सांगून विकलेले ताजे रबर घ्यावे.

यावरून एक साधा हिशेब मांडता येतो. भाग निवडताना ‘हा अस्सल आहे का?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘हा मोडला तर काय होईल?’ गाडी थांबणार नाही, वळणार नाही किंवा पेटेल, असे उत्तर आले तर तो भाग नवा, नावाजलेल्या उत्पादकाचा आणि पावतीसह घ्यावा. मग दोन दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. ब्रेकचे लायनर, सिलिंडरच्या टोप्या, नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, टायर ही सगळी या यादीत. गाडी नुसती बंद पडेल असे उत्तर आले तर मध्यम मार्ग पत्करावा. आणि काहीच होणार नाही, फक्त शोभा जाईल, असे असेल तर कुर्ल्याच्या भंगारातली दाराची मूठ खुशाल लावावी. आमच्याकडे बहुधा याच्या उलट चालते. चकचकीत बंपरासाठी माणूस चोर बाजार पालथा घालतो आणि ब्रेकच्या टोपीत पाच रुपये वाचवितो.

खोके पारखण्याच्या काही खुणा आहेत. बंद खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे; ते नसेल तर पुढे बोलू नये. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढले दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘कालच आला’ म्हणणाऱ्या दुकानदारास ते आकडे नम्रपणे दाखवावेत. जुना भाग बरोबर नेऊन वजन व माप जुळवावे. नकली भाग पुष्कळदा हलका, कडांना खरखरीत आणि अक्षरे पुसट अशा स्वरूपाचा असतो. लायनर एका चाकाचे बदलले तर त्याच जोडीतल्या दुसऱ्या चाकाचेही बदलावे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेकचे तेल लहान, सीलबंद डब्यात घ्यावे, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि आमच्या चारकोपात ओलाव्याला तोटा नाही. कोणी सोयीसाठी त्यात इंजिनाचे तेल घालू पाहील तर त्याचा हात धरावा. त्या तेलाने टोप्या फुगून बसतात.

आणि मिस्त्रीचे ऐकावे. त्याचा हात रोज त्या रबराला लागतो. आपला फक्त पाकिटाला लागतो. भाग आपण आणून द्यावा की त्याने आणावा, यावरून पुष्कळ ठिकाणी कुरबुर होते. दोघांनी मिळून यादी करावी, पावती गाडीच्या मालकाच्या नावे घ्यावी आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. अविश्वास म्हणून नव्हे. पुढच्या खेपेला तोच नमुना म्हणून उपयोगी पडतो.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचे तोरण बांधतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाडव्याला नवी खरेदी करतो. भाऊबिजेनंतर पुष्कळ मंडळी मुलाबाळांसह कोकणात किंवा घाटावर निघतील. वाचकांनी एवढे करावे, निघण्यापूर्वी चारही चाके उघडून टोप्या पाहून घ्याव्यात, आणि त्यांत भेग दिसली तर त्या बदलूनच घाटाची वाट धरावी. जुन्या गाडीचा मान राखण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.