पेटारा, आखाडा आणि रिकिदोझान

कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास आमच्या तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, रंगतो. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, आणि राक्षस तलवारी उपसून समोरासमोर येतात, मृदंगाची लय चढते. राक्षस मरणार हे पुढे मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. म्हणूनच जपानची व्यावसायिक कुस्ती घाटावरच्या तालमीतल्या माणसापेक्षा मालवणच्या माणसाला लवकर उमगेल असं मला वाटतं. तालमीतला वस्ताद पहिल्यांदा विचारील, निकाल आधीच ठरलेला असेल तर ती कुस्ती कसली? दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. ते उभ्या उभ्या रचावे लागतात आणि घाम खराच गाळावा लागतो.

रिकिदोझान हा त्या कुस्तीचा मूळपुरुष. जन्म 1924 चा, आजच्या उत्तर कोरियातला, खरं नाव किम सिन-राक. सुमोत तो वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढला आणि 1950 मध्ये आखाडा सोडून बाहेर पडला. 1953 मध्ये त्याने स्वतःची कुस्ती संघटना उभारली. त्याच वर्षी जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली होती. फेब्रुवारी 1954 मध्ये ज्युदोवीर मासाहिको किमुराला जोडीला घेऊन तो धिप्पाड, गोऱ्या शार्प बंधूंशी लढला. अमेरिकेचा ताबा उठून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. घरात संच घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून स्टेशनांसमोर लावलेल्या संचांपुढे हजारो माणसं उभी राहिली. हरलेल्या देशाला त्या रात्री आपला माणूस गोऱ्याला आडवा करताना दिसला. तो आपला माणूस जन्माने कोरियन होता, आणि ही गोष्ट त्याला जन्मभर दडवून ठेवावी लागली. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख मला हेच वाटतं.

डिसेंबर 1954 मध्ये तो किमुराशीच लढला. कुस्ती बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं, असं किमुरा पुढे सांगत राहिला. भर कुस्तीत रिकिदोझानने खरेखुरे फटके मारून त्याला लोळवलं. दशावतारात एखाद्या राजाने राक्षसावर धारदार पातं चालवावं, तसा हा प्रकार. मी याला विश्वासघातच म्हणेन. ठरलेल्या खेळात आपला देह समोरच्याच्या हाती दिलेला असतो, आणि त्या भरवशावर तर सगळा धंदा उभा असतो.

मुंबईत दारासिंगशी झुंजणारा किंग काँग आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्याच किंग काँगला 1955 मध्ये रिकिदोझानने हरवलं. डिसेंबर 1963 मध्ये टोकियोच्या एका नाइट क्लबात रिकिदोझानला सुरा लागला आणि आठवड्याभरात, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो गेला. मागे राहिले त्याचे शिष्य बाबा आणि इनोकी. दोघांनीही 1972 मध्ये आपापल्या कंपन्या काढल्या, आणि त्या आजही चालू आहेत. मल्ल गेला, पण मल्लाचं पोट भरणारी व्यवस्था राहिली.

आता आपल्याकडे पाहू. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानला एकच सुवर्णपदक मिळालं. ते ज्युदोतून कुस्तीत आलेल्या शोहाची इशिईने जिंकलं. त्याच वजनगटात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले. इशिईशी लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. विश्रांतीचा हक्क मागायला आपला अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. त्याआधी 1948 च्या लंडनवारीला कोल्हापूरच्या महाराजांचा आधार होता. शाहू महाराजांनी जिथे खासबाग मैदान बांधलं, तिथली ही रीतच होती. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो हात गेला. हेलसिंकीसाठी खाशाबांना दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

राजा गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच उभं केलं नाही. जपानने तिकीट, दूरचित्रवाणी आणि कंपनी उभी केली. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस 1955 मध्ये पोलिसात फौजदार झाला, 1984 मध्ये अपघातात गेला, आणि अर्जुन पुरस्कार त्याच्या नावावर लागला तो 2000 सालचा.

मालवणात बसून हे लिहितो, कारण दशावतारी नटाचं आयुष्यही असंच जत्रेच्या हंगामावर लटकलेलं आहे. डोक्यावर पेटारा घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जाण्याचे दिवस गेले, आता टेम्पो आला. पण गुडघे गेल्यावर राजपार्टी करणाऱ्याने काय खायचं, याची तजवीज अजून बहुतांशी त्याच्या घरच्यांवरच आहे. देवस्थान समित्यांनी, मुंबईकर मंडळांनी आणि जिल्हा परिषदेने मिळून निवृत्त कलावंतांसाठी एक कायमचा निधी उभारावा. दरवर्षी प्रत्येक जत्रेच्या खर्चातून ठरावीक वाटा त्यात टाकावा, आणि त्याची सुरुवात याच हंगामापासून करावी.