एका केसाची केस

मंडळी, आमच्या विदर्भातल्या पेपरात अधूनमधून एक ठरावीक बातमी येते. वाघनखं किंवा कातडं विकायला आलेली टोळी सापळा रचून पकडली. सोबत फोटो. टेबलावर मुद्देमाल, मागे ओळीने उभे अधिकारी आणि खाली उकिडवे बसलेले, तोंडाला फडकं बांधलेले तीन-चार जण. आपण म्हणतो, "बरं झालं, सापडले लेकाचे!" आणि पान उलटतो. पुढे खटल्याचं काय झालं, कोण विचारतं?

मी विचारते. वाघाच्या शिकारीचा खटला आरोपीच्या कबुलीवर का उभा करायचा? प्रयोगशाळेच्या अहवालावर का नाही? आणि हे मी वाघाच्या बाजूनेही विचारते, पारध्याच्या बाजूनेही.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण यातलं बरंचसं सातवीच्या पोरालाही कळेल. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच. वाघांच्या गणनेत कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे असतात. फोटोतला वाघ आणि जप्त झालेलं कातडं जुळलं, तर तो कुठल्या जंगलातला हे सांगता येतं. कुत्र्याच्या कातड्यावर पट्टे रंगवून कोणी वाघाचं म्हणून खपवत असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली एक केस ते उघडं पाडतो. नुसता मांसाचा तुकडा असेल, तर डीएनए आहे. कुठल्याही प्राण्याची जात त्यावरून ओळखण्याची पद्धत हैदराबादच्या सीसीएमबीतल्या सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. म्हणजे विद्या घरचीच आहे!

आता जरा नातेवाइकांसाठी. आपल्यातल्या काहींच्या देव्हाऱ्यात 'हत्थाजोडी' आहे. दुर्मीळ झाडाचं मूळ, लक्ष्मी येते म्हणून घेतलेलं. ते मूळबिळ काही नाही. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे ते. २०१७ साली याचा बराच गाजावाजा झाला, तरी विक्री थांबली नाही. घोरपडीला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. तेव्हा आपण काय पुजतो आहोत ते बघा!

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ५७ सांगतं की प्राण्याचा अवयव तुमच्या ताब्यात सापडला हे सिद्ध झालं, की तो बेकायदा आहे असंच धरलं जाईल. नाही हे सिद्ध करायचं तुम्ही. चोरट्या व्यापारासाठी असा कडक नियम हवाच. पण मग ते नख खरोखर वाघाचं, की गाईच्या शिंगातून कोरलेलं, हे आधी पक्कं ठरायला नको?

दुसरी गोष्ट. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. वनाधिकारी मात्र कायद्याच्या अर्थाने पोलीस नाहीत, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. म्हणून त्यांच्यापुढची कबुली चालू शकते. मग तपास कुठल्या सोप्या वाटेने जाईल, तुम्हीच सांगा.

आणि त्या वाटेवर पहिला कोण सापडतो? बेड्यावरचा पारधी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, मनातून नाही. माझ्या वर्गात बेड्यावरची पोरं होती. कोणाचं पेन हरवलं की चाळीस माना एकदम त्यांच्याकडे वळायच्या. त्या माना आता मोठ्या झाल्या आहेत, इतकंच.

"पण शिकारी असतातच ना!" असतात. मेळघाटात २०१३ साली वाघ मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याजवळ मोठी अटक झाली आणि पैशांचे धागे थेट ईशान्य भारतापर्यंत गेले. म्हणूनच तर म्हणते, अशांच्या विरोधात पुरावा पोलादी हवा. कबुली कोर्टात फिरवता येते, केसाचा अहवाल फिरत नाही. आणि मारहाणीने फार तर नख विकायला आणणारा बोलेल. विकत घेणाऱ्यापर्यंत पोचायला मोबाइलच्या आणि बँकेच्या नोंदीच लागतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. वाघाच्या शिकारीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ती तरतूद पोलीस ठाण्याच्या तपासासाठी, आणि जंगलातला तपास करतं वनखातं. मग वाघ मेला तर तज्ज्ञ नको का?

आमच्या सेलू तालुक्यातल्या बोरला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाट्या लागल्या, जिप्सी आल्या. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक वनरक्षकाजवळ हातमोजे, कागदी पाकिटं आणि ओल शोषणारी पुडी असू द्या. ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की कुजतो, डीएनए जातो आणि त्याबरोबर खटलाही. कोणी, कधी, कोणाच्या हाती नमुना दिला, याची नोंद ठेवा. आणि अहवालाला मुदत घाला. तोवर कोणी निर्दोष माणूस तुरुंगात बसलेला असू शकतो.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्यांना न्याय द्यायचा तर त्यासाठी माणसावर अन्याय करावा लागत नाही. पुढच्या वेळी तो फोटो पाहिलात, तर शाबासकी देण्याआधी एवढंच विचारा: अहवाल आला का?