जेवणाचे आगाऊ पैसे : बचत की सोय?

यंदाच्या सहलीच्या निमित्ताने पालक-शिक्षक संघात एका प्रश्नावर बरीच चर्चा चालू आहे. वॉटर पार्कच्या प्रवेशशुल्काबरोबरच जेवणाचे कूपन आधी काढून ठेवावे, की मुलांनी आत गेल्यावर आपापले विकत घ्यावे? कूपनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे एकच असते : 'आधी काढले की स्वस्त पडते.' माझा आक्षेप कूपनाला नाही, या वाक्याला आहे. ते हिशेब न करता म्हटले जाते आणि गणित शिकवणाऱ्या माणसाला ते खुपते.

हिशेब करायचा तर पक्के आकडे हवेत. आपल्याकडच्या पार्कांचे दर हंगामागणिक आणि गटागणिक बदलतात. म्हणून मी उदाहरण घेतो ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे. तिथे मुक्कामी पाहुण्यांसाठी जेवणाची आगाऊ योजना २००५ पासून आहे (कोविडमुळे २०२० मध्ये थांबली, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली) आणि तिचे नियम लेखी आहेत. शिवाय ते ठिकाण आपल्याला अगदीच परके राहिलेले नाही. शाळेच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांचा संसार आता अमेरिकेत आहे. उन्हाळ्यात आई-बाबा इंदूरहून तिकडे गेले की नातवंडांसोबत डिस्नेची एक फेरी ठरलेली असते, आणि मग मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, जेवणाचेही आत्ताच भरून टाकू का?"

त्यातली साधी योजना अशी. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामामागे माणशी काउंटरवरची दोन जेवणे व एक खाऊ, आणि साऱ्या मुक्कामासाठी पुन्हापुन्हा भरून घेता येणारा एक मग. २०२४ चा दर मोठ्यांना रात्रीला ५७.०१ डॉलर, तर ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३ डॉलर. पुढे दर वाढले, पण उदाहरणाला हेच पुरेत.

आता कुटुंब धरू : आजी, आजोबा, मुलगा, सून, ११ वर्षांची नात आणि ७ वर्षांचा नातू. मुक्काम पाच रात्रींचा. इथे पहिली मेख आहे. दहा पूर्ण झाले की मूल 'मोठे' ठरते, म्हणजे नातीचेही ५७.०१. पाच मोठे आणि एक लहान मिळून रात्रीला ३०८.८८ डॉलर, पाच रात्रींचे १,५४४.४० डॉलर.

हेच सुटे घेतले तर? काउंटरवरचे जेवण पेयासह आणि करासह सुमारे २० डॉलर धरू, खाऊ ७ डॉलर आणि मगाचे रात्रीला ४ डॉलर. मोठ्यांचे झाले ५१. म्हणजे योजनेत माणशी रात्रीला सहा डॉलर जास्त जातात. लहान मुलाची दोन जेवणे मिळून १८, खाऊ ७, मग ४, एकूण २९. त्याच्यावर मात्र पाच डॉलर वाचतात. पाच रात्रींत मोठ्यांवर दीडशे गेले, नातवावर पंचवीस वाचले. तोटा सुमारे सव्वाशे डॉलरांचा, आणि तोही सगळ्यांनी सगळे खाल्ले तर!

मग फक्त नातवासाठीच योजना घ्यावी, असे कोणालाही वाटेल. ते चालत नाही. बरोबरच्या तीन वर्षांवरील प्रत्येकाची आणि सगळ्या रात्रींची घ्यावी लागते. २०२६ सालासाठी तर ३ ते ९ वयाच्या मुलांना ही योजना मोफत जाहीर झाली, पण मोठ्यांनी विकत घेतली तरच. फायदा कुठे दाखवायचा आणि वसुली कुठून करायची, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळते. मोठ्यांचे पैसे वसूल होण्याचा एक मार्ग आहे. २१ वर्षांवरील माणसाला जेवणासोबतच्या पेयात बिअर किंवा कॉकटेलही घेता येते आणि दोन्ही जेवणांना ते घेणारा नफ्यात राहतो. आजींना आणि अकरा वर्षांच्या नातीला त्याचा काय उपयोग, ते सांगायला नको.

हा झाला मेनूकार्डावरचा हिशेब. खरा हिशेब पोटाचा असतो आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. योजनेची किंमत मेनूतल्या किमतीशी ताडून पाहायची नसते. योजना नसती तर आपण प्रत्यक्षात काय खाल्ले असते, त्याच्याशी ताडायची असते. आजी पेय घेणार नाहीत, कारण तिथल्या काउंटरवर बर्फाचे पाणी फुकट मिळते. त्यांचे जेवण १५ डॉलरांत होईल आणि मग तर त्या घेणारच नाहीत. दोन जेवणे आणि खाऊ मिळून ३७ डॉलर, म्हणजे तोटा सहाचा नाही, वीसचा. शिवाय डिस्नेत घरचे खाणे आत नेता येते (काचेची भांडी व दारू सोडून). सुनेने सकाळी चार ठेपले आणि लिंबाचे लोणचे बांधून घेतले की एक जेवण तिथेच वजा झाले. राहिलेली जेवणे परत करता येत नाहीत, मुक्काम सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री ती बाद होतात.

आपली खाण्याची रीतही अशा योजनांच्या विरुद्ध आहे. सराफ्यात रात्री आपण काय करतो? चौघांत भुट्ट्याच्या किसाची एक प्लेट, मग एक दहीवडा, मग जागा उरली तर जिलबी. योजना मात्र डोकी मोजते आणि प्रत्येक डोक्यामागे ताट धरते.

एकदा पैसे भरले की माणूस भूक नसतानाही खातो, हा अनुभव सर्वांचा आहे. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात याच जातीचा प्रयोग केला होता, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाचे तिकीट पूर्ण किमतीला घेणारे प्रेक्षक सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना आले. नाटके दोघांना तीच होती, भरलेले पैसे तेवढे वेगळे.

तरीही योजनेच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. परदेशात आपले ज्येष्ठ प्रत्येक पदार्थाच्या किमतीचा मनात रुपयांत गुणाकार करतात आणि मग "मला भूकच नाही" म्हणतात. मुलाने आधीच भरले असेल तर तो गुणाकार थांबतो. हे समाधान सव्वाशे डॉलर देऊन घेण्यासारखे वाटले तर जरूर घ्यावे, पण त्याला बचत म्हणू नये. माझ्या मते तेवढीच रक्कम बाजूला काढून "हे जेवणाचे, संपवायचेच" असे आईला सांगितले तरी काम होते, आणि उरलेले पैसे मध्यरात्री बाद होत नाहीत.

आता आपली सहल. इथे माझे मत उलट आहे : कूपन काढावे. वॉटर पार्कात घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा ठेपल्यांचा मार्ग बंद. आणि एकाच वर्गातल्या एका मुलाच्या खिशात पाचशे रुपये, तर दुसऱ्याच्या खिशात पन्नास असतात. काउंटरसमोर हा फरक सगळ्यांना दिसतो. कूपनामुळे ताटे सारखी होतात. एवढे कारण पुरेसे आहे, 'स्वस्त पडते' हे जोडण्याची गरज नाही.

मात्र काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. कूपन एका जेवणाचेच असावे. सकाळचे पोहे बसमध्ये आणि संध्याकाळचा खाऊ परतताना, दोन्ही शाळेकडून. तिसरी-चौथीच्या मुलांना मोठ्यांची थाळी संपत नाही, त्यांच्यासाठी कमी दर मागावा. गैरहजर मुलांचे पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. नादारीवर शिकणाऱ्या मुलांचे कूपन विश्वस्त मंडळाने सहल-निधीतून काढावे आणि त्याची वेगळी यादी वर्गात वाचू नये. पिण्याच्या पाण्याचेही आरक्षण करतानाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांना बाहेरचे खाणे रोखण्याची मुभा दिली, पण शुद्ध पाणी मोफत द्यावे लागेल असेही सांगितले. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता आहे. पार्कवाल्यांना आपणच विचारावे लागेल, कारण दिवसभर पाण्यात खेळणारी मुले जेवणाआधी पाणी मागतात.