नाक्यावर मोजले जाते ते फक्त वजन

बेळगाव-पणजी महामार्ग खानापूर सोडल्यावर गुंजी, लोंढ्यावरून अनमोड घाटाकडे वळतो. गोव्यात अमली पदार्थ रोखायचे म्हटले की नजर या वाटेवर आणि मोलेच्या नाक्यावर जाते. तेथे सापडतो तो बहुधा वाहक. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात त्याची शिक्षा वजनावर ठरते: गांजा किलोपर्यंत असल्यास कमाल एक वर्ष, २० किलोंहून अधिक असल्यास किमान दहा. धंद्याला पैसा पुरवणाऱ्यास कलम २७-अ वजन न पाहता दहा ते वीस वर्षे देते. पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर तपासाला राज्याची सीमा ओलांडावी लागते. २०२२ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ती ओलांडली आणि गोव्यातून संशयित पकडले. ते स्थानिक पोलिसांना आधी का दिसले नाहीत, हा प्रश्न साहजिकच होता.

शिक्षा आणखी कडक करा, ही मागणी म्हणूनच अपुरी वाटते. मेक्सिकोने २००६ मध्ये लष्कर उतरवले. म्होरके पकडले गेले, टोळ्या फुटल्या, रक्तपात वाढला. आपल्याकडे टोळीयुद्ध नाही, व्यसनी मुले आहेत. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. हे कलम ठाण्याच्या फलकावर लिहिले, तरी काही पालक मुलाला लपवण्याऐवजी दवाखान्यात नेतील.