पाण्याचा वार आणि कारखान्याची पाळी

सोलापुरात आता विमान उतरते. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईचीही. मुंबईची वंदे भारत त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये आली होती. या सोयींसाठी शहराने फार वाट पाहिली, भांडणेही केली. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गाव दोन तटांत वाटले गेले होते. विमान आले याचा आनंद आहेच. मात्र त्या विमानाने आलेला खरेदीदार अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत गेल्यावर जे पाहतो, त्यावर त्याची पुढची ऑर्डर ठरते. माल वेळेवर मिळेल का, एवढेच त्याला हवे असते. आणि माल वेळेवर निघणे सोलापुरात नळाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

ज्याला हे अतिशयोक्त वाटत असेल त्याने पूर्वभागातल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात तासभर उभे राहावे. मागावर विणलेला टॉवेल बाहेर पडला की कटाई, शिलाई, घडी आणि पॅकिंग ही कामे बहुतांशी बायकांच्या हातून होतात. शहरात पाणी वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येते. ज्या वस्तीत पाण्याचा वार असतो तिथली बाई रात्री दोनला उठते, नळाला मोटर लावते, बॅरल, घागरी, बादल्या भरते, साचलेले कपडे धुते आणि सकाळच्या पाळीला एक तर उशिरा येते किंवा येतच नाही. घडीचे टेबल रिकामे राहिले की मागचा माल साचतो आणि संध्याकाळी सुटणारा ट्रक दुसऱ्या दिवसावर जातो. मजुरी नगावर असते, त्यामुळे तिचा दिवस बुडतो तो बुडतोच. पानिपत किंवा करूरच्या कारखानदाराशी दरात स्पर्धा करताना सोलापूरचा कारखानदार हा तोटा कुठल्याच कागदावर दाखवू शकत नाही. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षे होत आली. नाव टिकवायला कायदा पुरला, व्यवसाय टिकवायला पुरत नाही.

उजनी धरण भरले तरी ही स्थिती बदलत नाही, हे सोलापूरकरांना अधिक बोचते. धरणातून जलवाहिनीने येणारे पाणी अपुरे पडते म्हणून भीमेच्या पात्रातून औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडायचे, वाटेत त्याचा मोठा भाग मुरायचा, उपसला जायचा आणि उरलेले शहराच्या वाट्याला यायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीचे काम किती वर्षे रखडले, याचा हिशेब इथल्या प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ आहे. आणि जादा पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणले म्हणजे ते घरात पोहोचले असे नव्हे. जुन्या गळक्या नळवाहिन्या, अपुऱ्या उंच टाक्या आणि हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह यांचे काय, हा प्रश्न पूर्णपणे महापालिकेचा आहे. तो दिल्लीतही सुटणार नाही आणि मंत्रालयातही नाही.

दुसरीकडे काय झाले, तेही पाहू. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि कामगार लाखांनी शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि अतिक्रमणे या नेहमीच्या पालिकेच्या कामांनाच हात घातला. अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले. दीड-दोन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. त्याच महापालिकेने २०१४ मध्ये सांडपाण्यावर तीन टप्प्यांची प्रक्रिया करून रोज चार कोटी लिटर पाणी पांडेसरातल्या कापड प्रक्रिया उद्योगांना विकायला सुरुवात केली. उद्योगाला खात्रीचे पाणी, पालिकेला उत्पन्न आणि पिण्याच्या पाण्यावरचा ताण कमी. आपल्या राज्यात नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. म्हणजे हे जमते, आणि पालिकेला जमते. धागा रंगवायला भरपूर पाणी लागणाऱ्या सोलापुरात ते सर्वांत आधी व्हायला हवे होते.

मग पालिकेला त्याची निकड का वाटत नाही? केवळ नाकर्तेपणा म्हणून हा विषय संपवता येणार नाही. पालिका पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात घेत असे. ती वाईट होती. नाक्यांवरचा खोळंबा आणि त्यामागचे व्यवहार सगळ्यांना ठाऊक होते. पण गावात माल जास्त आला की पालिकेची तिजोरी भरत असे. शहराचा धंदा आणि पालिकेचे उत्पन्न यांच्यात नाते होते. स्थानिक संस्था कर आला आणि गेला, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. आता राज्य सरकार २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरसाल ८ टक्के वाढीने नुकसानभरपाई देते. शहरात दहा नवे कारखाने आले तरी ती रक्कम तीच, दहा बंद पडले तरी तीच. धंदा वाढवण्याची पालिकेला आर्थिक गरजच उरली नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे, बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदले आहेत, त्यात आर्थिक विकासाचे नियोजनही आहे. विषय दिले, पैसा दिला नाही. राज्याने शहरात गोळा होणाऱ्या वस्तू व सेवा कराच्या आपल्या हिश्श्यातला ठरावीक भाग त्या शहराला वाढीच्या प्रमाणात द्यायला हवा. ही मागणी सर्व महापालिकांनी एकत्र येऊन, पक्ष बाजूला ठेवून करायला हवी.

पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये याच अक्कलकोट रस्त्याच्या वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालकाच्या घरची माणसे होती, कामगारही होते. कारखान्यातच राहायचे, कापूस आणि धाग्याच्या ढिगांशेजारी झोपायचे, हे केवळ त्या एकाच कारखान्यात होत नाही. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आले की नाही, हे पाहायला नव्या निधीची गरज नाही. औद्योगिक वसाहतीत रस्ता औद्योगिक विकास महामंडळाचा की पालिकेचा, बंब कोणाचा, तपासणी कोणी करायची, हा वाद अनेक शहरांत आहे. कारखानदार दोन्हीकडे पैसे भरतो आणि दोन्हीकडून हात झटकले जातात अशी त्याची जुनी तक्रार आहे. ती रास्त आहे. आठ मृत्यूंनंतरही हद्दीचा वाद चालू राहणे माणुसकीला धरून नाही.

बससेवेचे दुखणेही असेच. केंद्राच्या योजनेतून आलेल्या गाड्यांच्या चेसीला तडे गेले, त्या आगारात गंजल्या आणि शहर बस नावापुरती उरली. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांना १५ हजार घरांचा ताबा मिळाला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कपडे शिवणाऱ्या बाया यांना हक्काचे छप्पर मिळाले, ही मोठी गोष्ट. तिथून कामावर यायला परवडणारी बस नसेल तर घर आणि रोजगार एकमेकांपासून तुटतात. शहरातल्या गणवेश शिवण्याच्या व्यवसायाला शिलाईकाम येणाऱ्या बायका हव्यात आणि कुंभारीत त्या आहेत. मधले अंतर पालिकेने भरायचे आहे.

सोलापूरची तरुण मुले पुण्याला आणि हैदराबादला का जातात, याचे उत्तर पगाराइतकेच या रोजच्या जगण्यात आहे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होती. विचारायचे कोणाला, हेच नागरिकाला कळत नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले, सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. नव्या नगरसेवकांनी पहिल्याच अंदाजपत्रकात प्रभागनिहाय लिहून द्यावे, की कोणत्या तारखेपासून पाणी एक दिवसाआड येईल आणि त्यासाठी किती रुपये राखून ठेवले. तारीख चुकली तर कारण सभागृहात सांगावे. सोलापूरकरांनी प्रत्येक नगरसेवकाकडे आधी ही तारीख मागावी, मग बाकीचे बोलावे.