खेपांचा हिशेब आणि रात्रीचा श्वास

डायलिसिसवर जगणाऱ्या माणसाचे आयुष्य सरकारी कागदावर खेपांनी मोजले जाते. महिन्यात इतक्या खेपा झाल्या, इतक्या खेपांचे पैसे ठेकेदारास पोचते झाले, इतकी यंत्रे जिल्हा रुग्णालयात चालू आहेत. या आकड्यांत खोटे काही असेलच असे नाही. परंतु रुग्णाची रात्र त्यांत कोठेच येत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या हृदयावर जो भार पडतो, त्यातील मोठा वाटा या न मोजलेल्या रात्रींतच पडत असतो.

डायलिसिसवरील माणूस दिवसा पेंगतो, कामावर त्याचे लक्ष लागत नाही, सकाळी उठताच डोके दुखते, संध्याकाळी तो घरच्यांवर चिडतो. घरची मंडळी म्हणतात, आजारच तसा आहे. केंद्रातील डॉक्टर रक्ताचे आकडे पाहून पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांच्या हाताखाली यंत्रे अनेक आणि वेळ थोडा, तेव्हा त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण या पेंगण्यामागे पुष्कळदा एक वेगळा विकार असतो. झोपेत श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरतो. मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. रुग्णाला यातले काहीही आठवत नाही. तासाला पाचाहून अधिक वेळा असे घडले तर तो विकार मानतात, तीस वा अधिक वेळा घडले तर तीव्र. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. डायलिसिसवरील रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तो असतो असे ठिकठिकाणच्या पाहण्यांतून दिसले आहे.

हा लठ्ठ आणि सुखवस्तू माणसांचा, घोरणाऱ्यांचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे ती दिशाभूल करते. डायलिसिसवरील रुग्ण अनेकदा कृश असतो, मोठ्याने घोरतही नाही. त्याच्या शरीरात दोन खेपांच्या मधल्या काळात पाणी साचते. दिवसा ते पायांत उतरलेले असते. माणूस आडवा झाला की त्यातले काही वर सरकते, मानेभोवती जमते आणि घशाची वाट अरुंद करते. दुसरीकडे, रक्तातील आम्लता वाढल्याने श्वासावरचे मेंदूचे नियंत्रण बिघडते. म्हणजे येथे श्वास अडण्याचे एक मोठे कारण न निघालेले पाणी आहे.

श्वास थांबला की हृदय स्वस्थ राहत नाही. प्राणवायूच्या प्रत्येक उतारासरशी शरीर धोक्याची घंटा वाजवते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. यांचा उतरत नाही. महिनोन्महिने हे चालले की हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, ठोक्यांची लय चुकू लागते. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि त्यांतील बरेच मृत्यू अचानक होतात, हे जगभरच्या नोंदींत आहे. इटलीतील रेज्जो कालाब्रियाच्या डॉक्टरांनी २००२ साली डायलिसिसवरील ५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा प्राणवायू रात्री अधिक उतरत होता, त्यांना पुढे हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक जडले असे तिच्यात आढळले.

मग उपाय काय? सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र पुढे आणले. सीपॅप या नावाने ते आज सर्वत्र मिळते. त्याने झोप सुधारते, दिवसाचे पेंगणे कमी होते; ज्याला ते हवे त्याला ते मिळालेच पाहिजे. परंतु हृदयविकार आधीच जडलेल्या दोन हजार सातशेंहून अधिक माणसांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या यंत्राने पुढील झटके व मृत्यू टळले असे सिद्ध होऊ शकले नाही. तेव्हा 'डायलिसिसच्या रुग्णांना सीपॅप वाटा' एवढीच मागणी केली तर त्यातून पुरवठादारांचे भले नक्की होईल. रुग्णांचे किती होईल, हे सांगणे कठीण.

टोरांटोच्या डॉक्टरांनी २००१ साली वेगळी दिशा दाखविली. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिस घेणारे १४ रुग्ण त्यांनी पाहिले. त्याच रुग्णांना पुढे आठवड्यातून सहा-सात रात्री, रोज आठ तास, झोपेतच डायलिसिस मिळू लागले. तासाला सरासरी २५ वेळा अडणारा वा उथळ होणारा श्वास ८ वेळांवर आला. रुग्ण थोडे होते हे खरे, पण नळी, दाब, मुखवटा यांतले काहीही न वापरता हे घडले. त्यांना अधिकचा मिळाला तो डायलिसिसचा वेळ.

आणि वेळ हीच आपल्या योजनांतील सर्वांत महाग वस्तू आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीने यंत्रे बसविण्याचे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत सेवा देण्याचे ठरले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. पूर्वी घरदार विकून जे करावे लागे ते आता पुष्कळांना विनामूल्य मिळते, आणि ही गोष्ट लहान नाही. मात्र ठेकेदाराला पैसे खेपेमागे मिळतात. खेप जितकी आखूड तितके यंत्र दुसऱ्यासाठी लवकर मोकळे, असा हा व्यवहार आहे. तासांचे उत्तरदायित्व त्यात कोणावरच नाही.

साधा हिशेब करून पाहावा. पन्नास किलो वजनाच्या शेतमजुराच्या अंगात आठवड्याला सहा लिटर पाणी साचते असे धरू. आपल्या देशात अनेकांना आठवड्याला दोनच खेपा परवडतात. म्हणजे एका खेपेत तीन लिटर काढावे लागणार. चार तासांत काढले तर किलोमागे ताशी १५ मिलिलिटर. ताशी १३ च्या वर गेल्यास हृदयास धोका वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यास सांगतात. तेच पाणी तीन खेपांत काढले तर वेग ताशी १० वर येतो. वेगाने उपसले की रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, परिचारिका यंत्र मंद करते आणि उरलेले पाणी रुग्ण परत घरी घेऊन जातो. रात्री आडवे झाल्यावर मानेशी येते ते हेच पाणी.

यावर केंद्रात एकच उपदेश ऐकू येतो : पाणी कमी प्या. तहान लागते ती मिठाने. भाकरीबरोबर ठेचा किंवा लोणचे एवढेच ज्याचे कोरड्यास आणि उन्हात आठ तास ज्याचे काम, त्याला पाण्याचे तांबे मोजावयास सांगणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या माथी मारणे होय. आहार समजावून सांगणारा माणूस केंद्रात असावा लागतो, आणि निविदेत तो बहुधा सर्वांत आधी कापला जातो.

मधली मोठी खंड किती घातक असते हेही आता गुपित राहिलेले नाही. अमेरिकेत आठवड्याला तीन खेपा घेणाऱ्या ३२ हजार रुग्णांच्या नोंदी २०११ साली तपासल्या गेल्या. दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू अधिक होते. हा तिथल्या दोन दिवसांचा अनुभव. आपल्याकडे आठवड्याला दोन खेपा घेणाऱ्याच्या वाट्याला असा खंड दर आठवड्याला, कधी याहून लांबही येतो. खेपा वाढविण्याने फिस्टुलाच्या तक्रारी वाढतात, हे २०१० च्या चाचणीत दिसले. त्याच चाचणीत आठवड्याला सहा खेपा घेणाऱ्यांच्या हृदयाची जाडी तीन खेपा घेणाऱ्यांहून अधिक घटल्याचेही दिसले. सहा खेपांची चैन येथे कोणी मागत नाही. तिसरी मागावयाची आहे.

येथे एका जुन्या प्रकरणाचे स्मरण होते. १९६० साली सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शोधामुळे डायलिसिस वर्षानुवर्षे करता येऊ लागले, पण यंत्रे मोजकी. कोणाला जगवावयाचे हे ठरविण्यास सामान्य नागरिकांची एक समिती बसली आणि ती उमेदवाराची नोकरी, संसार, समाजातील स्थान पाहू लागली. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकातून हे बाहेर येताच मोठा गदारोळ उठला. १९७२ साली अमेरिकन संसदेने कायदा करून या उपचाराचा खर्च सरकारी विम्यावर घेतला. आपल्या जिल्ह्यांत अशी समिती नाही. तिचे काम एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी करीत असते.

पैसा नाही हे उत्तर अपेक्षितच आहे. परंतु यंत्रे विकत घेऊन झाली आहेत, आणि जेथे ती रात्री झाकून ठेवली जातात तेथे प्रश्न मनुष्यबळाचा आहे. फ्रान्समधील तासँ येथे आठ-आठ तासांच्या संथ डायलिसिसची पद्धत कित्येक दशके चालली. कमी मिठाच्या आहारासह तिच्यामुळे बहुतेकांचा रक्तदाब औषधांवाचून ताब्यात राहिला. हाँगकाँगने १९८५ पासून पोटातून घरीच करावयाच्या डायलिसिसला पहिली पसंती दिली. तेथील २००६ च्या अभ्यासात तो डायलिसिस रात्री यंत्राने करणाऱ्यांत श्वास अडण्याचे प्रमाण दिवसा हाताने करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. महाराष्ट्रातील एखाद्या जिल्हा रुग्णालयात आठवड्याला तीन रात्रपाळ्या चालवून पाहण्यास कोणती तांत्रिक अडचण आहे, हे आरोग्य खात्याने सांगावे. रात्री डायलिसिस घेणाऱ्याचा दिवसाचा रोजगारही वाचेल.

तपासणीचे तसेच. २०२० च्या साथीत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आशा सेविकांच्या हाती आला आणि घरोघरी माहीत झाला. रात्रभराची नोंद ठेवणारे तशाच प्रकारचे यंत्र प्रत्येक डायलिसिस केंद्रात एक-दोन असले आणि ते आळीपाळीने रुग्णांबरोबर घरी गेले, तरी कोणाचा प्राणवायू रात्री उतरतो हे कळू लागेल. घोरण्याच्या प्रश्नावलीवर विसंबून भागणार नाही, कारण ती या रुग्णांत फारशी खरी ठरत नाही.

ज्या कार्यकर्त्यांच्या तालुक्यातून माणसे डायलिसिसला जातात, त्यांनी जिल्ह्याच्या निविदेची प्रत माहिती अधिकारात मागवावी. खेपेला किमान किती तास, आठवड्याला किती खेपा, ड्राय वेट ठरविणारा तज्ज्ञ महिन्यातून किती वेळा येतो, आहारतज्ज्ञ आहे की नाही, या चार गोष्टी तीत शोधाव्यात. करार नूतनीकरणास येण्यापूर्वी त्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडाव्यात. आणि रुग्णांच्या घरी गेल्यावर त्याच्याशी बोलून झाले की त्याच्या पत्नीला किंवा आईलाही विचारावे. रात्री त्याचा श्वास मध्येच थांबतो का, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.